बंधुबोध, बहिष्कार आणि वसई : उत्तर-मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मचिंतनातील एका तत्त्वाचा परामर्श

प्रास्ताविक

वसई-दिवा लोहमार्गावरील कामण रोड स्थानकाच्या परिसरात उभे राहिले की पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग आणि कामणदुर्ग दिसतो. पश्चिमेस काही मैलांवर खाडीच्या मुखाशी वसईचा किल्ला आहे. दि. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. तेव्हापासून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, हा प्रदेश लॅटिन ख्रिस्ती जगताचा एक दूरचा कोपरा होता. या कालखंडाचा अभ्यास आपल्याकडे मुख्यत्वे राजकीय व लष्करी अंगाने झाला आहे. धर्मांतराचा प्रश्न निघाला तरी चर्चा जुलूम झाला की नाही, एवढ्यावरच थांबते. मात्र या राजवटीबरोबर जे पाद्री आले, ते युरोपातील तीनशे वर्षांच्या एका वादाची शिदोरी घेऊन आले होते. चुकलेल्या भावाला कोणी, केव्हा आणि कोणत्या मार्गाने सुधारावे, हा तो वाद होय. प्रस्तुत लेखात या वादाचा परिचय करून देण्याचा आणि वसईच्या संदर्भात त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

लॅटिनमध्ये या तत्त्वास ‘कॉरेक्सिओ फ्रातेर्ना’ म्हणतात. मराठीत त्यास रूढ प्रतिशब्द नाही. ‘कानउघाडणी’ हा शब्द अर्थाने जवळचा असला तरी त्यात वडीलधारेपणाचा सूर आहे. म्हणून येथे सोयीसाठी ‘बंधुबोध’ हा शब्द योजला आहे. त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शिक्षेसाठी मात्र आपल्याकडे शब्दांची वाण नाही. बहिष्कार, वाळीत टाकणे, पंक्तिबाह्य करणे, पाणी तोडणे असे अनेक शब्द आहेत. समजावण्यासाठी एकच शब्द आणि तोडण्यासाठी अनेक, ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे.

मूळ वचन आणि त्याचे दोन अर्थ

या साऱ्या चर्चेचे मूळ मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील तीन ओव्यांत (१५ ते १७) आहे. त्यांचा आशय असा : भावाने अपराध केला तर प्रथम त्याला एकांतात गाठून त्याचा दोष दाखवावा. त्याने ऐकले नाही तर एकदोन साक्षीदार सोबत न्यावेत. तरीही ऐकले नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चला, सांगावे. आणि तिचेही न ऐकल्यास त्याला परका मानावे. तीन पायऱ्या आणि अखेरीस वियोग, असा हा क्रम आहे.

यातील पहिल्या पायरीवर भर दिला तर हा प्रेमाचा नियम ठरतो. शेवटच्या पायरीवर भर दिला तर हीच न्यायालयाची कार्यपद्धती होते. मध्ययुगीन चर्चने दोन्ही केले. इ. स. १२०४ मध्ये पोप तिसरा इनोसंट याने फ्रान्स व इंग्लंडच्या राजांमधील तंट्यात हस्तक्षेप केला, तो याच वचनाच्या आधारे. सरंजामी हक्काचा निवाडा मी करीत नाही; परंतु एका राजाने दुसऱ्या राजाच्या पापाविषयी चर्चला ‘सांगितले’ आहे आणि पापाचा निवाडा करणे हे माझे कर्तव्य आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. भावाने भावाला एकांतात सांगायची गोष्ट अशा रीतीने राजदरबारी पोहोचली. त्याच इनोसंटने १२१५ मध्ये भरविलेल्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने मात्र काही मर्यादाही घालून दिल्या. तक्रारीच्या मार्गाने खटला चालवायचा असल्यास त्याआधी प्रेमपूर्वक ताकीद दिलेली असली पाहिजे, असे तिच्या आठव्या नियमात म्हटले आहे. पूर्वसूचना दिल्याशिवाय आणि योग्य साक्षीदारांसमक्ष ती दिल्याशिवाय कोणालाही बहिष्कृत करू नये, असे सत्तेचाळिसावा नियम सांगतो. एकविसाव्या नियमाने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीस वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचे केले. ते न करणाऱ्यास जिवंतपणी चर्चमध्ये प्रवेश नाही आणि मेल्यावर ख्रिस्ती दफनविधी नाही, अशी शिक्षा सांगितली. थोडक्यात, एकाच सभेत ताकिदीचे संरक्षणही आले आणि सक्तीची यंत्रणाही आली.

थॉमस अक्वायनस : सोनाराने की कोणीही?

या तत्त्वाची सर्वांत पद्धतशीर मांडणी डोमिनिकन पंथाच्या थॉमस अक्वायनसने (मृत्यू १२७४) ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील तेहतिसाव्या प्रश्नात केली आहे. त्यातील आठ उपप्रश्न आजही वाचनीय आहेत, कारण ते अगदी व्यवहारातले आहेत. बोध करणे हे प्रेमाचे कृत्य की न्यायाचे? ते सर्वांचे कर्तव्य की केवळ अधिकाऱ्यांचे? हाताखालच्याने वरिष्ठाला बोध करावा काय? स्वतः पापी असलेल्याने दुसऱ्याला सांगावे काय? सांगितल्याने तो अधिकच बिघडेल अशी भीती असेल तर गप्प बसावे काय?

आपल्याकडे ‘सोनारानेच कान टोचावेत’ अशी म्हण आहे. कान टोचणे योग्य असले तरी ते काम अधिकारी माणसाचे, असा तिचा भाव. अक्वायनस येथे एक भेद करतो. बोध दोन प्रकारचा असतो. पहिला प्रेमापोटी, चुकणाऱ्याच्या हितासाठी. तो करण्याचे कर्तव्य प्रत्येकाचे आहे. दुसरा न्यायापोटी, समाजाच्या हितासाठी, प्रसंगी शिक्षेचा धाक घालून; तो मात्र अधिकाऱ्यांनीच करावा. म्हणजे सोनार लागतो तो दुसऱ्या प्रकाराला. पहिल्या प्रकारात शिष्य गुरूला आणि सामान्य मनुष्य बिशपलाही बोध करू शकतो. फक्त तो आदराने आणि शक्यतो एकांतात करावा. श्रद्धाच धोक्यात आली असेल तर चारचौघांतही करावा, आणि यासाठी पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष बोल लावला तो दाखला अक्वायनस देतो.

याच प्रश्नात एक सावधगिरीही आहे. बोध करणे कर्तव्य असले तरी दुसऱ्यांची पापे हुडकत फिरणे हे कर्तव्य नाही. आपण इतरांच्या आयुष्याचे हेर नव्हे, असे तो बजावतो. हे वाक्य पुढच्या शतकांत किती जणांच्या स्मरणात राहिले, हा प्रश्नच आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सातवा उपप्रश्न कळीचा आहे : उघड तक्रार करण्यापूर्वी एकांतात ताकीद देणे बंधनकारक आहे काय? अक्वायनसचे उत्तर सरसकट नाही. पाप उघड असेल तर बोधही उघड करावा, म्हणजे पाहणाऱ्यांवर वाईट परिणाम होणार नाही. पाप गुप्त असून त्याची झळ केवळ करणाऱ्याला किंवा आपल्यालाच लागत असेल, तर प्रथम एकांतात सांगावे. भावाचा लौकिक जपणे हेही प्रेमाचेच अंग आहे. परंतु पाप गुप्त असूनही इतरांचा घात करणारे असेल तर ताबडतोब वर कळवावे. एकांतातील शब्दाने तो घात तत्काळ थांबेल अशी पक्की खात्री असेल तरच अपवाद. या तिसऱ्या वर्गाची त्याने दोन उदाहरणे दिली आहेत. पहिले, शहर शत्रूच्या हाती देण्याचा कट करणारा. दुसरे, लोकांना खाजगीत श्रद्धेपासून ढळविणारा पाखंडी.

पुढे सारे गाडे या दुसऱ्या उदाहरणावर अडले.

आपणा अध्यापकांना हा तिढा परका नाही. परीक्षेच्या काळात पर्यवेक्षण करताना एका विद्यार्थ्याच्या कंपासपेटीत चिठ्ठी दिसली. ती त्याने अजून उघडलीही नव्हती. नियमाप्रमाणे कळवावे, की ती काढून घेऊन त्याला दोन शब्द सुनवावेत? प्रस्तुत लेखकाने त्या दिवशी दुसरा मार्ग पत्करला. तो योग्य होता की तो केवळ कागदपत्रांचा कंटाळा होता, हे अद्याप ठरविता आलेले नाही. अक्वायनस वाचल्यावर प्रश्न निदान नेमका झाला : त्या चिठ्ठीने इजा कोणाला होत होती, एकट्या त्याला की वर्गातील सर्वांना?

ऑकम : पटवून दिल्याशिवाय बोध नाही

चौदाव्या शतकात हा प्रश्न थेट पोपपर्यंत जाऊन भिडला. ख्रिस्त व त्याचे प्रेषित यांच्या मालकीचे काहीही नव्हते, असे फ्रान्सिस्कन पंथीय मानीत. पोप बाविसावा जॉन याने १२ नोव्हेंबर १३२३ च्या फर्मानाने हे मत पाखंड ठरविले. विल्यम ऑफ ऑकम हा इंग्रज फ्रान्सिस्कन त्या सुमारास स्वतःच्या लेखनाच्या चौकशीसाठी अॅव्हिन्यों येथे होता. पंथप्रमुख मायकेल ऑफ चेझेना याच्यासह तो मे १३२८ मध्ये तेथून निसटला आणि पुढे म्यूनिक येथे सम्राट लुई याच्या आश्रयास राहिला. ‘डायलोगुस’ या संवादरूप ग्रंथाच्या पहिल्या भागात त्याने विचारले : चुकलेला मनुष्य पाखंडी केव्हा ठरतो?

त्याच्या मते नुसते चुकणे म्हणजे पाखंड नव्हे. चूक दाखवून दिल्यावरही हट्टाने तिला चिकटून राहणे हे पाखंड. मग चूक ‘दाखवून देणे’ म्हणजे काय? तू चुकलास, मत सोड, असे वरिष्ठाने फर्माविणे म्हणजे बोध नव्हे. तुझे मत सत्याच्या विरुद्ध कसे जाते हे समोरच्याला उमगेल अशा रीतीने स्पष्ट करून दाखविणे म्हणजे बोध. तसे दाखविले नसेल तर खुद्द पोपने सांगितले तरी आपले मत सोडण्यास मनुष्य बांधलेला नाही. उलटपक्षी, एखाद्या सामान्य माणसाने पोपची चूक अशा रीतीने दाखवून दिली तर पोपने ती मान्य केली पाहिजे. बोधाचे बळ सांगणाऱ्याच्या पदात नसून त्याच्या पुराव्यात आहे, असा याचा मथितार्थ. अक्वायनसने बोधाचे प्रेम आणि न्याय असे दोन भाग केले होते. ऑकमने त्यात ज्ञानाची अट घातली. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण परंपरेतील हा सर्वांत धाडसी विचार आहे.

पंधराव्या शतकातील कॉन्स्टन्स धर्मसभेत (१४१४-१४१८) या विचाराची दोन टोके एकाच वर्षी दिसली. ‘चर्चला सांग’ या शब्दांतील चर्च म्हणजे सार्वत्रिक धर्मसभा आणि पोप हाही एक भाऊच, असा अर्थ लावणाऱ्या धर्मपंडितांत पॅरिसचा ज्याँ जेरसाँ प्रमुख होता. पोपनेही सभेची आज्ञा पाळली पाहिजे असे सभेने ६ एप्रिल १४१५ रोजी जाहीर केले आणि मे महिन्यात, तेव्हा पोपपदावर हक्क सांगणाऱ्या तिघांपैकी एकाला, तेविसाव्या जॉनला, पदच्युत केले. त्याच सभेपुढे बोहेमियाचा यान हुस उभा होता. शास्त्राधारे चूक दाखवा, मी मागे घेतो, असे तो म्हणत राहिला. ६ जुलै १४१५ रोजी त्याला जाळण्यात आले. पोपला बोध करण्याचा हक्क मिळविणाऱ्या सभेने स्वतः मात्र ऑकमची अट पाळली नाही.

वसईत आलेले भाऊ आणि बाप

वसईत प्रारंभी आलेले पाद्री फ्रान्सिस्कन होते, म्हणजे ऑकमच्याच पंथाचे. अर्थात दोन शतकांनंतरच्या आणि सुधारणावादी शाखेचे. त्यांच्यामागून जेझुइट आणि डोमिनिकन आले. परंतु बंधुबोधाचे तत्त्व येथे केवळ धर्मपंडितांच्या पोथ्यांतून आले नाही. ते ‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया’ या सेवासंघाच्या रूपानेही आले. हा संघ १४९८ मध्ये लिस्बन येथे राणी लेओनोर हिच्या पाठिंब्याने स्थापन झाला आणि पोर्तुगीज वसाहतींच्या बहुतेक शहरांत, गोव्याप्रमाणेच वसईतही, त्याची शाखा निघाली. संघाचे सदस्य एकमेकांचे ‘इर्मांव’ म्हणजे भाऊ. चौदा दयाकृत्ये हा संघाचा कार्यक्रम. सात शारीरिक, म्हणजे भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची शुश्रूषा, मृताचे दफन इत्यादी. आणि सात आत्मिक. या आत्मिक कृत्यांत अज्ञ माणसाला शिकविणे व मागेल त्याला सल्ला देणे यांच्या पाठोपाठ तिसरे कृत्य येते ते चुकणाऱ्याला प्रेमाने शासन करण्याचे. भुकेल्याला घास आणि चुकणाऱ्याला शब्द, ही दोन्ही एकाच यादीतील दयेची कामे होत. अक्वायनसचा पहिला उपप्रश्न येथे संस्थेच्या घटनेत उतरला आहे.

तथापि भाऊ कोणाला म्हणावे, याचे उत्तर संस्थेने आखडते घेतले. लिस्बनच्या १६१८ च्या सुधारित नियमावलीने सदस्यत्वासाठी रक्तशुद्धीची अट घातली. ज्यांच्या पूर्वजांत ज्यू वा मुसलमान आहेत अशांना तीत स्थान नव्हते. वसाहतींत एतद्देशीय ख्रिस्ती लोकही दयेचे लाभार्थी होऊ शकत. भाऊ होणे त्यांना दुरापास्त होते. त्यांच्यासाठी दुसरे पद होते, ‘पाय दोस क्रिस्तांव’ म्हणजे ख्रिस्ती जनांचा बाप. नवख्रिस्ती लोकांचे रक्षण, त्यांच्या दाव्यांत साहाय्य आणि त्यांच्या आचारावर देखरेख ही कामे या पदावरील पाद्र्याकडे असत. त्याने अनेकांना सरकारी अंमलदारांच्या जाचातून सोडविलेही असेल. परंतु नात्याचे नाव बोलके आहे. भावाने भावाला केलेल्या बोधाला भाऊ उलट उत्तर देऊ शकतो. अक्वायनसच्या चौथ्या उपप्रश्नाचा तोच गाभा आहे. बापाच्या बोधाला उत्तर द्यायचे नसते, निदान सोळाव्या शतकात तरी नव्हते. बंधुबोध वसईत आला खरा, पण तटबंदीच्या आत बंधू राहिले आणि बाहेरच्या गावांच्या वाट्याला बोध आला.

देलाँची साक्ष

गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. मधला काही काळ वगळता १८१२ पर्यंत ती टिकली. तिची सर्वाधिक गाजलेली हकिकत गाब्रिएल देलाँ या फ्रेंच वैद्याने १६८७ मध्ये प्रसिद्ध केली. बाप्तिस्मा, मूर्तींचा आदर आणि इन्क्विझिशनच्या निवाड्यांतही चूक होऊ शकते या विषयांवर दमण येथे त्याने काही मोकळी विधाने केली होती. आपल्याविषयी तक्रार होईल अशी शंका येताच तो आपण होऊन तेथील कमिसारीकडे गेला, झाले ते सांगितले आणि सल्ला मागितला. मत्तयच्या वचनातील पहिली पायरी जणू त्यानेच उलट दिशेने चढली. बोध करणारा आला नाही, तेव्हा बोध घेणाराच गेला. तरीही १६७३ मध्ये त्याला अटक झाली. गोव्याला नेताना त्याला काही दिवस वसईच्या तुरुंगात ठेवण्यात आले. दि. १२ जानेवारी १६७६ रोजीच्या जाहीर सोहळ्यात त्याला बहिष्कार, मालमत्तेची जप्ती, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पाच वर्षे गलबतावरील सक्तमजुरी अशी शिक्षा फर्मावण्यात आली.

या हकिकतीतील छळाच्या वर्णनांकडे वाचकांचे लक्ष जाते आणि ते स्वाभाविक आहे. पण येथे तपशील वेगळाच महत्त्वाचा आहे. तक्रार कोणी केली हे आरोपीला सांगत नसत. आरोप काय हेही सांगत नसत. त्याने स्वतःच आठवून आपले अपराध कबूल करायचे, आणि काही राहून गेले तर ते लपविले असे मानले जाई. ‘एकांतात त्याचा दोष त्याला दाखव’ हे मूळ वचन. येथे एकांत होता, दोष मात्र त्याने स्वतःच शोधायचा होता. ऑकमच्या अटीचे याहून पूर्ण उल्लंघन कल्पिता येणार नाही.

हे घडले कसे? वचन कोणी खोडले नव्हते. अक्वायनसच्या तिसऱ्या वर्गातील ते उदाहरण, गुप्त पाखंडी, वाढत वाढत नियमाएवढे झाले. सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये यावर रीतसर वाद झाला. पाखंडाच्या बाबतीतही आधी एकांतात ताकीद द्यावी असे काहींचे म्हणणे होते. इन्क्विझिशनने विरुद्ध बाजू घेतली : पाखंड हे संसर्गजन्य, म्हणून कोणी ऐकले-पाहिले असेल त्याने ताकिदीची वाट न पाहता कळवावे, न कळविणारा स्वतःच दोषी. अक्वायनसने ‘हेर होऊ नका’ म्हटले होते. आता न होणाऱ्याला शिक्षा होती.

आजीबाई आणि पंडिता

याच प्रश्नाचे एक मराठी रूप एकोणिसाव्या शतकात आढळते. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणून संबोधीत. ही पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केली. नातीच्या मतांत अहंकार आहे, तिने चर्चच्या शिकवणुकीपुढे नमावे, असा आजीबाईंचा बोध होता. जे मला समजले नाही आणि बायबलमध्ये आढळत नाही, ते केवळ पाद्री सांगतात म्हणून मी कसे मानू, असे नातीचे उत्तर. नात्यात माया होती, हे दोघींच्या पत्रांतून स्पष्ट दिसते. रमाबाईंनी ऑकम वाचला होता असे म्हणण्यास आधार नाही. तो वाचावा लागतो असेही नाही.

बहिष्कार, कायदा आणि कलम १३४१

आपल्याकडे बहिष्काराचे शस्त्र एकट्या चर्चकडे नव्हते. गोतसभा दोषी माणसास वाळीत टाकी आणि प्रायश्चित्तानंतर पंक्तीस घेई. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मप्रमुखांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो बहुमताने रद्द ठरविला. २०२३ मध्ये त्या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र अधिनियम २०१६ मध्ये केला व तो जुलै २०१७ पासून अमलात आला. या कायद्यांचा रोख शेवटच्या पायरीवर आहे. पहिल्या पायरीविषयी कायद्याला फारसे बोलता येत नाही, आणि खरी अडचण अनेकदा तेथेच असते.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील कलम १३४१ याचे उत्तम उदाहरण आहे. बंधुबोध, ताकीद वा अन्य उपायांनी गुन्हेगार सुधारत नाही, न्याय होत नाही आणि झालेली हानी भरून येत नाही असे दिसले, तरच बिशपने शिक्षेची कार्यवाही सुरू करावी, असे त्यात म्हटले होते. वाचताना हे मत्तयच्या वचनाला अगदी धरून वाटते. परंतु बालकांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे जगभर उघडकीस आली, तेव्हा हेच कलम अनेक ठिकाणी ढाल झाल्याचे दिसले. भावाला एकांतात समज दिली गेली, भावाची बदली झाली आणि नव्या धर्मग्रामात नवी मुले होती. भावाचा लौकिक जपला. ज्यांचा घात होत होता त्यांना कोणी भाऊ मानले नाही. अक्वायनसचा तिसरा वर्ग नेमका येथे लागू होता. पाखंड्यासाठी ज्या तत्परतेने तो शतकानुशतके वापरला गेला, तिचा अंशही या प्रकरणांच्या वाट्याला आला नाही.

२०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांची माहिती वरिष्ठांना देणे पाद्री व धर्मभगिनींना बंधनकारक केले. ८ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित संहितेत कलम १३४१ मधील ‘तरच करावी’ या अर्थाचे शब्द गेले आणि त्यांच्या जागी ‘केलीच पाहिजे’ या अर्थाचे शब्द आले; बंधुबोधाचा उल्लेख मात्र कायम राहिला. भारतात २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणाच्या अधिनियमाचे कलम १९ याहून पुढे जाते. अपराध घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे हे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे, मग तो पाद्री असो, मुख्याध्यापक असो वा महाविद्यालयातील अध्यापक. आपल्या वर्गांत अठरा वर्षांखालील विद्यार्थी असतात, विशेषतः अकरावी-बारावीला, आणि त्यांपैकी एखादा वा एखादी तास संपल्यावर दाराशी घुटमळत काहीतरी सांगू पाहते. तेव्हा ज्याच्याविषयी ते सांगणे आहे त्या सहकाऱ्याला आधी एकांतात गाठण्याची मुभा कायद्याने आपल्याला ठेवलेली नाही. अक्वायनसनेही ती ठेवली नव्हती.